आण्णांनी रॉड टेकवला की

परवापरवापर्यंत आमच्या गल्लीत दुपारचे चार वाजले, की घराघरातले दिवे बारीक व्हायचे. पंखा दमल्यासारखा फिरायचा, मिक्सर चटणीच्या मध्येच कण्हायचा आणि टीव्हीवरची बाई वाक्य अर्धवट टाकून नाहीशी व्हायची. नवा भाडेकरू असेल तर तो घाबरून बाहेर यायचा आणि विजेच्या खांबाकडे बघत उभा राहायचा. जुना असेल तर जागचा हलायचा नाही. नुसता म्हणायचा, "आण्णांनी रॉड टेकवला."

रॉड म्हणजे वेल्डिंगचा. आणि आण्णा म्हणजे भूपालआण्णा मगदूम. वय एकाहत्तर, पूर्वीचे कापडाचे व्यापारी, आणि गेली दोन वर्षं स्वतःच्या घराच्या पडवीत, कुणीही न शिकवता, वेल्डिंग शिकत असलेले गृहस्थ. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. त्यामुळे बारीक व्हायचा पहिला मान माझ्या दिव्याचा.

मी मूळचा रहिमतपूरचा. शाळेतल्या नोकरीपायी सांगलीला आलो आणि इथलाच झालो. मराठी शिकवतो, म्हणून गल्लीतले सगळे अर्ज, लग्नपत्रिकेतल्या चुका आणि गणपतीचा अहवाल माझ्याच गळ्यात पडतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका अर्जाचा संबंध येणार आहे आणि त्या अर्जाची मला अजून लाज वाटते.

आण्णांचं दुकान पेठेत होतं. चाळीस वर्षं ते तिथं गादीवर मांडी घालून बसले. गिऱ्हाइकापुढे एकावर एक ठाण उलगडायचे आणि गिऱ्हाईक संकोचलं की म्हणायचे, "बघा तर खरं. घ्या म्हणत न्हाई." कापड घ्यायला येणाऱ्यांपेक्षा तिथं नुसती बसायला येणारी माणसं जास्त. पुढं आण्णांच्या पत्नी, पद्माकाकू, गेल्या. मुलगा महावीर बंगळूरला नोकरीला होता, तो काही गादीवर बसणार नव्हता. आण्णांनी दुकान एका मोबाइलवाल्याला देऊन टाकलं, लोखंडी मांडण्या टेम्पोत घातल्या आणि भंगारवाल्याकडे गेले. टेम्पो रिकामा परत यायचा, तो एक वेल्डिंग मशीन घेऊन आला.

मशीन जुन्या पद्धतीचं. आत तांब्याची वेटोळी, बाहेर निळा पत्रा, डोक्यावर करंट कमीजास्त करायचं चक्र. चालू करून नुसतं ठेवलं तरी घुमत राहणारं. ते टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. त्यात मी होतो, माझी कंबर अजून साक्ष देते.

"आण्णा, हे कशाला?" मी धापा टाकत विचारलं.

"पडवीचा कठडा हालतोय," ते म्हणाले. "एक टाका घातला की झालं."

तो टाका पडायला सात महिने लागले.

वेल्डिंगचं असं आहे, की रॉड लोखंडापासून लांब धरला तर पेटत नाही आणि जवळ नेला तर चिकटून बसतो. आण्णांचा चिकटायचा. मग ते होल्डर दोन्ही हातांनी धरून हिसके द्यायचे, मशीन बोंब मारायचं आणि तेवढा वेळ आमच्याकडे दिवा म्हणजे नुसती लाल तार. रॉड सुटला की उजेड, चिकटला की अंधार. माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली, "आण्णांचा हात किती सुधारला ते बघायला तिकडं जायला नको, आपल्या स्वयंपाकघरात बसून कळतंय."

लोखंडाशी ओळख होत गेली तरी आण्णांची भाषा काही दुकानातून बाहेर आली नाही. वेल्डिंगला ते शिलाई म्हणतात. जोडावर बारीक भोकं राहिली तर "मलमल झाली", लोखंडाचे गठ्ठे साचले तर "ही गोधडी झाली", आणि पातळ पत्र्याला आरपार भोक पडलं तर मान हलवून, "पोत बघितला न्हाई मी. घाई केली." एखादा जोड जमला की त्याच्यावरची काळी खपली हातोडीनं ठोकून काढतात, फडक्यानं पुसतात आणि पैठणीचा पदर दाखवावा तसा तो तुकडा तुमच्यापुढे धरतात. "हात लावून बघा सर. घ्या म्हणत न्हाई." मी एकदा उत्साहानं लगेच हात लावला. त्यानंतर आठवडाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होतो.

रॉडला दमट हवा चालत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या गच्चीवर सांडग्यांसारखे रॉड वाळत असतात, वर मलमलचं फडकं घातलेलं असतं. वळीव आला की आण्णा आधी रॉड गोळा करतात, मग दोरीवरचे कपडे.

पण आण्णांची खरी तऱ्हा पुढेच आहे. आण्णा जैन, आणि पाळणारे जैन. ठिणग्या खाली पडतात आणि खाली जीवजंतू असतात, ही गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी डाचली. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी ते मऊ कुंच्यानं सगळी पडवी झाडतात, वाकून कोपरे बघतात आणि मुंग्यांची रांग दिसली तर ती निघून जाईपर्यंत थांबतात. एकदा मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड हलत होतं. आण्णा तोंडावरचं काळ्या काचेचं झाकण कपाळावर सारून पाऊण तास बसून राहिले. मी म्हटलं, "आण्णा, बाजूनं वळवा की त्यांना." तर म्हणाले, "त्यांचा बी आज बाजार आसंल सर. आपण काय, मोकळंच हाय."

दिवस मावळायच्या आत मशीन बंद. जेवण आणि शिलाई, दोन्ही उजेड असेपर्यंतच. "त्या उजेडावर किडं झेपा घेत्यात," ते म्हणतात. "आपल्या एका टाक्यापायी त्यांचा जीव कशाला?" गल्लीचे दिवे बारीक व्हायचे त्याचं त्यांना कधी एवढं वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

कठडा झाल्यावर आण्णांनी स्टुलं करायला घेतली. पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहायचं आणि चौथा पाय हवेत. दुसरं चार पायांवर उभं राहायचं, पण तुम्ही बसेपर्यंतच. पाचव्यापासून जरा बरी झाली. मी शेवटचं मोजलं तेव्हा अकरा स्टुलं पडवीत भिंतीला लागून ओळीनं उभी होती. एकट्या माणसाला अकरा स्टुलं कशाला लागतात, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी आपला त्यावर विनोद करत राहिलो.

गल्लीतली माणसं आण्णांकडे भांडायला जायची. याचं एक ठरलेलं वळण होतं. दिवा बारीक झाला की कुणीतरी तावातावानं फाटक वाजवायचं. आण्णा लगेच मशीन बंद करायचे. "या, या. आदी बसा." मग स्टूल पुसून पुढे. मग आत जाऊन चहा. तो येईपर्यंत भांडण निवलेलं. मग शिलाई दाखवणं, मग एखादी दुकानातली जुनी गोष्ट, आणि तासाभरानं भांडायला गेलेला माणूस हातात तुळशीच्या कुंडीचं लोखंडी कडं घेऊन परत. मी स्वतः कितीदा भांडायला गेलो त्याचा हिशेब नाही. एकदाही भांडून आलो नाही.

एकदा मात्र मी त्यांचा तो उजेड काचेशिवाय टक लावून पाहिला. संध्याकाळी डोळ्यांत कुणी वाळू ओतावी तसं झालं. सुनंदानं शेजारी विचारलं, तर आण्णा दारात हजर. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतात म्हणे, पण त्यांच्या घरात बटाटा येत नाही. म्हणून गावभर शोधून काकडी आणि गुलाबपाणी आणलेलं. दोन दिवस ते सकाळ-दुपार माझ्या उशाशी येऊन बसले. डोळे बरे झाले तेव्हा ते जरा हिरमुसल्यासारखे वाटले. मला तो माझा भास वाटला.

आता सुभेदार माने. समोरच्या घरात राहतात. मूळचे मेढ्याकडचे, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि अजूनही मनानं निवृत्त न झालेले. आण्णांकडे सगळ्यात जास्त वेळा भांडायला तेच जायचे. पण यंदा त्यांच्या फ्रिजनं कायमचा राम म्हटला आणि सुभेदार खरोखर भडकले.

"बस्स झालं," ते माझ्या दारात उभं राहून म्हणाले. "चाय पाजून माणूस गप करतोय ह्यो. सर, अर्ज लिवा. वीज ऑफिसला. मशीन जप्त!"

मी लिहिला. आणि खोटं कशाला सांगू, मन लावून लिहिला. 'सदर गृहस्थ राहत्या घरी जुने वेल्डिंग यंत्र चालवीत असून' इथपासून सुरुवात केली आणि 'सदर' हा शब्द सहा वेळा वापरला. गल्लीनं सह्या केल्या. सगळ्यांनी. ज्यांच्या तुळशीखाली आण्णांचं कडं आहे त्यांनीसुद्धा. पहिली सही अर्थातच अर्ज लिहिणाऱ्याची.

सोमवारी अर्ज द्यायचा ठरलं, तर त्याच दिवशी पर्युषण सुरू झालं. जैन लोकांचं ते दहा दिवसांचं मोठं व्रत. आण्णांनी मशीनवर धोतर टाकलं, एक वेळ जेवायला लागले आणि सकाळ-संध्याकाळ मंदिरात दिसू लागले. सुभेदार म्हणाले, "सणात हमला करायचा न्हाई. उसूल हाय." अर्ज माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

व्रत संपलं की क्षमावणी. त्या दिवशी आण्णा पांढरेशुभ्र कपडे घालून घरोघर जातात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. आदल्या साली त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारात हात जोडून दिव्यांबद्दल क्षमा मागितली होती. आम्हीही मोठ्या मनानं दिली. आणि दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता आण्णांनी रॉड टेकवला. "ये तो धोका है!" असं सुभेदार भर रस्त्यात ओरडले होते.

या साली आण्णा पहिल्यांदा माझ्याच दारात आले. हात जोडले. व्रतानं चेहरा उतरला होता. "सर, वर्षभरात बोलण्यानं, वागण्यानं काय चुकलंमाकलं आसंल, तुमचं मन दुखावलं आसंल, तर क्षमा करा."

अशा वेळी आपणही तेच म्हणायचं असतं. पण खण माझ्या मागेच होता. शेवटी मी अर्ज काढला आणि त्यांच्या हातात दिला. "आण्णा, क्षमा मीच मागायला पाहिजे."

आण्णांनी चष्मा लावला. सगळा अर्ज सावकाश वाचला, खालच्या सह्यासुद्धा एकेक करून वाचल्या. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलतील.

"अक्षर झकास हाय," ते म्हणाले. "सदर म्हंजे मीच न्हवं?"

"हो."

त्यांनी अर्ज नीट घडी घालून मला परत दिला. कापडाची घालावी तशी, काठाला काठ लावून. मग म्हणाले, "चला सर. माझी बी एक चूक दावतो तुमास्नी."

त्यांच्या मधल्या खोलीत काकूंचा पलंग आहे. आण्णा गुडघ्यावर बसले आणि त्याच्याखालून त्यांनी एक खोका बाहेर ओढला. चिकटपट्टीसुद्धा न काढलेला. वर एका छोट्याशा लाल मशीनचं चित्र होतं, खांद्याला अडकवायला पट्टा असलेल्या.

"महावीरनं धाडलंया. गेल्या दिवाळीत. नव्या पद्धतीचं मशीन हाय, पिशवीएवढं. करंट लय कमी खातंय. ह्यानं कुणाची लाइट हालत न्हाई."

मला काही कळेना. "मग आण्णा, एवढे दिवस हे बंदच?"

आण्णा खोक्यावरची धूळ हातानं पुसत राहिले. ते बोलले तेही खोक्याकडेच बघून.

"दुकानात सकाळी फळी काढली की सांजपत्तूर माणसं हालायची न्हाईत सर. घ्यायचं नसलं तरी बसायची. दुकान दिल्यावर म्हैनाभर मी हितं फाटकाकडं तोंड करून बसलो. कोण आलं न्हाई. आन् कोण कशाला येईल? माझ्याकडं आता दाखवायला काय हाय? मशीन कठड्यासाठीच आणलं, त्यात खोटं न्हाई. पर पैल्या दिवशी रॉड चिकटला आन् सुभेदार वरडत आलं. त्यांच्या मागनं तुमी आला. मग आणि दोघं आली. ही गेल्यापासनं पैल्यांदा मी एकदम चार कप चहा टाकला."

"आण्णा, आम्ही भांडायला आलो होतो."

"आला हुता न्हवं?" ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. घरात कुठेच आवाज नव्हता. भिंतीपलीकडे सुनंदा भाकरी थापत होती ते स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मला एकदम जाणवलं की आण्णांना हे रोज ऐकू येत असणार. आमचं हसणं, आमची भांडणं, आमच्या टीव्हीवरच्या मालिका, सगळं.

"गेल्या साली क्षमा मागितली आन् दुसऱ्या दिवशी तीच चूक केली," आण्णा म्हणाले. "औंदा न्हाई करायची. तसली क्षमा मागून काय उपेग?" आणि त्यांनी उशाशी ठेवलेली दुकानातली मोठी कात्री घेऊन खोक्याची चिकटपट्टी कापली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गल्लीतला एकही दिवा हलला नाही. त्यानंतरही कधी हलला नाही. मिक्सर सरळ फिरले, मालिका पुऱ्या झाल्या, सुभेदारांनी नवा फ्रिज आणला. गल्लीला मोठं समाधान झालं. आणि आण्णांचं फाटक वाजायचं थांबलं.

मी जाणार होतो, अगदी खरं. पण चाचणीचे पेपर आले, मग सुनंदाच्या माहेरी लग्न निघालं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन आठवडे गेले. मला सगळं ठाऊक असून मी गेलो नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भिंतीला कान लावला तर पलीकडे काहीच ऐकू यायचं नाही. नवं मशीन घुमतसुद्धा नसे.

एका दुपारी सुभेदार माझ्या दारात येऊन उभे राहिले. हाताची घडी, तोंड वाकडं.

"सर, चार वाजले."

"हो."

"लाइट एकदम ठीक हाय."

"हो."

"चैन पडत न्हाई राव," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "आण्णा बीमार बिमार न्हाई न्हवं?"

"जाऊन बघा की."

"मी? आसंच कसं जाणार? कायतरी बहाणा पायजे का नको?"

तेही खरंच. चाळीस पावलांवर राहणाऱ्या माणसाकडे नुसतं जायला आपल्याला कारण लागतं. भांडण असलं तर धावत जातो. सुभेदार आपल्या दारात परत जाऊन उभे राहिले, आणि मी पायांत चपला सरकवल्या.

आण्णांच्या पडवीत अकरा स्टुलं तशीच ओळीनं होती, वर धूळ धरलेली. बाराव्याचे चार पाय खाली सुटे पडले होते. लाल मशीन कोपऱ्यात होतं आणि त्याच्या वायरीची गुंडाळी करून वर ठेवलेली. पिन बोर्डात नव्हतीच. आण्णा फाटकाकडे तोंड करून बसले होते. मला बघून ते उठले.

मी आवाज चढवला. "आण्णा, हे काय चाललंय? आमची लाइट बारीक झाली की!"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मग वायरीच्या गुंडाळीकडे. त्यांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या.

"लय बारीक झाली?" त्यांनी विचारलं.

"लय. पंखा तर बंदच पडला."

"अरारा," आण्णा म्हणाले. खांद्यावरच्या फडक्यानं त्यांनी एक स्टूल पुसलं, त्यातलं त्यात न डुगडुगणारं, आणि माझ्यापुढे सरकवलं. "आदी बसा."

ते आत गेले. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मध्येच थांबला.

"सर," आतून आवाज आला, "सुभेदारांची बी बारीक झाली आसंल की?"

"त्यांची तर फारच," मी म्हणालो.

"मग हाक मारा त्यास्नी. मी आदण वाढवतो."

मी हाक मारायला वळलो. सुभेदार फाटकातच उभे होते.